चहा सांगून ये

वस्ताद, परवा तुमचा मुलगा माझ्या गॅरेजला आला होता. हे तुम्हाला कळवायची तशी काही गरज नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झालीत की भिंतीवरचा तुमचा फोटोही आता पिवळा पडला असेल. पण तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहितोय, दुसरं काही कारण नाही. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या तोंडाशी माझं शेड आहे, तिथे तो आपली जुनी पिकअप टोचन करून घेऊन आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, आणि बोलताना मान खाली घालायची तुमच्या धाकातली सवय तशीच. म्हणाला, "लई ठिकानी दाखवलं. समदे म्हनतेत, कॉम्प्युटर गेला. आता तुमीच बगा की." तुमचा मुलगा मला म्हणाला, तुमीच बगा. हे वाक्य मी परवापासून जिभेवर घोळवतोय.

तुमच्या काळी इंजिनाला कॉम्प्युटर नव्हता. तुम्हीच होतात. सत्तरच्या दशकातल्या त्या पेट्रोलच्या जीप आणि पिकअप, त्यांच्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, आतल्या दोन पॉइंटांमधली फट बरोबर ठेवायची, की ठिणगी वेळेवर पडते. याला टायमिंग लावणं म्हणायचे, आणि ते तुमच्यासारखं सोलापुरात कुणाला येत नव्हतं हे मी आजही नाकारत नाही. फट मोजायची गेज बाजारात मिळायची. पण झिजलेल्या गाडीला ती लागू पडत नाही, असं तुमचं म्हणणं, आणि त्यासाठी तुमची स्वतःची एक पट्टी होती, हॅकसॉ ब्लेड घासून केलेली. ती कुणाच्या नजरेला पडायची नाही. झाकण निघालं की तुम्ही मान न वळवता म्हणायचात, "चहा सांगून ये." मी जायचो. परत येईपर्यंत झाकण बसलेलं असायचं, इंजिन चालू, आणि तुम्ही चिंधीला हात पुसत उभे.

मी काही तेव्हा शेंबडं पोर नव्हतो. लग्न झालेलं होतं, मिशी होती. वडिलांचा चादरीचा माग सोडून तुमच्याकडे आलो होतो, आणि त्यावरून घरात एवढं वाजलं होतं की वडिलांनी तेलुगूत बजावलं होतं, पुन्हा मागाला हात लावायचा नाही. परतीची वाट बंद, आणि पुढची वाट तुमच्या त्या पट्टीवरून जाणारी. टायमिंग येईल त्याला लोक मिस्त्री म्हणत. बाकीचे सगळे हेल्पर, मग ते म्हातारे का होईनात. बायको विचारायची, "अजून किती वर्षं चहा सांगणार?" तिला नुसतं चिडवायचं असायचं, पण मला ते लागायचं.

आणि मग ती खंडेनवमी. सगळी हत्यारं रॉकेलमध्ये धुऊन पाटावर मांडायची, तुम्ही त्यांच्यावर भस्माची बोटं ओढायचात, मग झेंडू, मग पेढे. त्या वर्षी पान्यांच्या शेजारी ती पट्टी होती. मी बघतच राहिलो. वाटलं, कितीही मोठा वस्ताद झाला तरी देवापुढे हत्यार लपवता येत नाही. तेवढ्यात तुम्ही उठलात, पायजमा झटकलात आणि म्हणालात, "थांब, आज मीच चहा सांगून येतो. सणाचा दिवस हाय." इतक्या वर्षांत तुम्ही कधी चहा सांगायला गेला नव्हतात. तिथेच मला कळायला हवं होतं. मी पट्टी उचलून शेजारच्या लेथवाल्याकडे पळालो, त्याच्या मायक्रोमीटरवर मोजली, आणि तुम्ही यायच्या आत पाटावर परत ठेवली. तिच्यावरचं भस्म पुसलं गेलं होतं, तेही नीट ओढलं. घरी जाऊन तेवढ्याच जाडीची पट्टी घासून काढली आणि बायकोला सांगितलं, झालो मी मिस्त्री.

पुढे काही दिवसांनी तुम्ही म्हणालात, "मला जरा बाहेर जायचंय. मोडनिंबच्या अडत्याची पिकअप येईल, तूच लाव टायमिंग." मला वाटलं, वस्ताद मऊ पडले. अडत्या येतो. मी झाकण काढतो, माझी पट्टी घालून फट ठेवतो, झाकण बसवतो आणि पुढे जाऊन इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल मारतो. हँडल उलटं येतं. मनगटात काटकी मोडल्यासारखा आवाज होतो आणि मी बंपरला टेकून खाली बसतो. फट वाढली की ठिणगी आधी पडते, आणि ठिणगी आधी पडली की हँडल उलटं मारतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं, वस्ताद? तुम्ही कुठे गेलाच नव्हतात. समोरच्या पानटपरीवरून सावकाश चालत आलात, आमच्याकडे पाठ केलीत, टोपी काढलीत आणि तिच्या घडीतून खरी पट्टी बाहेर काढलीत. खाली बसलेल्या माणसाला ते दिसलं. गाडी अर्ध्या हँडलला सुरू झाली. मी मनगट धरून विचारलं, "देवापुढं खोटी पट्टी ठेवलीत?" तुम्ही म्हणालात, "देवाला कुटं गाडी चालवायची हाय?" अडत्या हसला. मग तुम्ही मला म्हणालात, "जा, चहा सांगून ये. आनि तसाच म्होरं हाडवैद्याकडं बी जाऊन ये."

आणि मी चहा सांगितला. मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हे, की मोडलेला हात पोटाशी धरून मी हॉटेलवाल्याला तुमचा चहा सांगितला, साखर कमी. मनगट वाकडं जुळलं. वडिलांनी नंतर राग सोडला, पण त्या हातानं धोटा मारता येईना, म्हणजे मागही कायमचा गेला. मी परत तुमच्याकडे आलो नाही, आणि चहा त्या दिवसापासून तोंडाला लावलेला नाही. पाहुणे रुसतात, रुसू देत.

बाजारातली गेज घेऊन चुकतमाकत शिकलो. तुमच्या गाड्यांचा आवाज माझ्या गाड्यांना कधी आला नाही, पण त्या चालल्या, गिऱ्हाइकं आली, शेड झालं. तुम्ही गेलात तेव्हा मी आलो होतो. लोक म्हणाले, बघा, वस्तादाचा मान ठेवला. मी तुमची टोपी बघायला आलो होतो. तुमच्यात बसवून पुरतात; तुम्हाला बसवलं होतं आणि टोपी डोक्यावर होती. कुणीतरी तुमच्या मुलाला विचारलं, आठवण म्हणून काढून ठेवायची का. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. अण्णा टोपीबिगर कवा दिसलेच न्हाईत." घडीत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं. मी सगळ्यांबरोबर पुढे होऊन मूठभर माती टाकली. घरी येऊन पोटभर जेवलो.

तर परवाची पिकअप. "कॉम्प्युटर गेला" म्हणणं सोपं असतं, म्हणून आधी फ्यूज तपासले, वायरिंग तपासलं, कॉम्प्युटरपर्यंत करंट पोचतो का ते बघितलं. सगळं पोचत होतं, तरी तो माझ्या लॅपटॉपला उत्तर देईना. बॅटरी सोडली, सॉकेट काढलं आणि डबा खोलला. जेवणाच्या डब्याएवढा असतो. गाडी धुताना कुणीतरी पाण्याचा फवारा थेट त्याच्यावर मारलेला, आतलं सगळं हिरवं पडलेलं. त्याच नंबरचा दुसरा मागवला, तो काल आला. केव्हा आणि किती डिझेल सोडायचं हे हा डबा इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरवतो, टोपी न घालता. नवीन बसवला की त्याला डिझेल फवारणाऱ्या प्रत्येक इंजेक्टरचा नंबर सांगावा लागतो, आणि तो नंबर कुठे असतो माहीत आहे? इंजेक्टरच्या डोक्यावर कोरलेला, उघडा. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावा. तुमच्या विद्येचं हे झालं, वस्ताद. आता ती भंगारवालाही घेणार नाही.

नंबर टाकायची वेळ आली तेव्हा तुमचा मुलगा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होता. मी मान न वळवता म्हणालो, "चहा सांगून ये." तो लगेच निघाला. दाराशी थांबून म्हणाला, "अण्णा बी मला असंच म्हनायचे. टायमिंग आलं की चहा." पोटच्या पोरालाही दाखवलं नव्हतंत तर. खरं म्हणजे मला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. स्क्रीनवर लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मी नंबर टाकले आणि काम पुरं होईपर्यंत हात बांधून बसलो.

तो दोन कप घेऊन आला तेव्हा मी चावी फिरवली होती. तो कप हातात धरून तसाच उभा राहिला, मान एका बाजूला कलती करून, तुम्ही करायचात तशी. म्हणाला, "ऐका की. अण्णांनी लावल्यावानी चाललीय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डिझेलला पेट्रोलचा आवाज येत नसतो, एवढंही त्याला कळत नाही. राबलो मी, शिकलो मी, मनगट माझं मोडलं, आणि कौतुक पुन्हा त्या टोपीचं. दोन्ही चहा त्यालाच प्यायला लावले आणि गाडी घेऊन जा म्हणालो.

हे पत्र टाकायचं कुठे, तुमच्या समाधीला काही पेटी नाही. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवीन. पण एक सांगतो. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. इंजिन एका फेऱ्यालाही अडखळत नव्हतं, आणि तो गेटबाहेर पडेपर्यंत मी ते ऐकत उभा होतो. ती खोटी पट्टी किती जाडीची होती ते मला अजून पाठ आहे. खरी किती जाडीची होती ते तुमच्याबरोबर खाली गेलं, आणि वरून माती टाकणाऱ्यांत मी होतो. आज त्या मापाचा कुणालाही उपयोग नाही, मलाही नाही. तरी तुम्ही समोर असतात तर मी आधी तेवढंच विचारलं असतं. आणि तुम्ही काय म्हणाला असतात, तेही मला ठाऊक आहे.