अण्णांसहित आणि अण्णांविरहित

उज्जैन,
ता. ९ डिसेंबर १९९४

ती. सौ. अपर्णावन्सं यांना,
नंदाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमचा गुडघा, भावोजींचं पित्त आणि हर्षलची नवी नोकरी हे तिन्ही आपापल्या जागी असतील अशी आशा करते. इथे आम्ही सरासरीने ठीक आहोत. (म्हणजे देवश्रीला सर्दी, तुमच्या बंधूंना बँकेत आलेल्या कॉम्प्युटरची धास्ती आणि मी ठणठणीत. तिघांची बेरीज करून तिनाने भागलं की 'ठीक' येतं.) अण्णांना या हिशेबात धरलेलं नाही. का धरलं नाही, तेच सांगायला आज स्वयंपाक लवकर आटपून बसले आहे.

तुम्ही लिहिलंत की अण्णांचं कार्ड आलं, त्यात 'आता कायमचाच तुझ्याकडे येतो, इथे माझं काही काम उरलेलं नाही' असं होतं, आणि संक्रांत झाली की हर्षल त्यांना न्यायला येणार आहे. शेवटी तुम्ही बारीक अक्षरात विचारलंत, घरात काही झालं का. झालं, वन्सं. पण तुमच्या मनात आलं असेल तसं सासरा-सुनेचं भांडण झालेलं नाही. सांख्यिकी झाली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेत मला अकरावी-बारावीचे वर्ग हवे असतील तर एम.ए. पाहिजे, म्हणून या वयात मी समाजशास्त्राला बाहेरून बसले. समाजशास्त्र मला सोपं वाटलं होतं. लग्न होऊन आपल्या घरी आले तेव्हाच त्याचा निम्मा अभ्यास झाला होता. पण यंदा त्यात एक पेपर सांख्यिकीचा आणि एक लघुप्रबंध निघाला. माझ्या मार्गदर्शक डॉ. कल्पना व्यास मॅडम. बाई हुशार, बोलायला गोड, आणि आकड्यांच्या बाबतीत अगदी कसाई. मी विषय घेतला, 'केबल टीव्हीमुळे शेजाऱ्यांकडे जाणं-येणं कमी झालं आहे काय?' उत्तर मला आधीच माहीत होतं (कमी झालं आहे, हे कोणीही सांगेल), म्हणून तर विषय घेतला. आपल्या नानाखेड्याच्या कॉलनीत घराघरांत तार पोचली आहे. आमच्या गच्चीवरूनही ती जाते, फक्त खाली उतरत नाही, कारण देवश्रीची दहावी आणि माझं एम.ए. होईपर्यंत घरात केबल नको असं मीच ठरवलं होतं. अण्णा तेव्हा 'बरं' म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. ते कुठे गेले हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

पहिल्या खेपेला मी ओळखीच्या घरांतून माहिती गोळा करून आणली. मॅडमनी नावं वाचली आणि म्हणाल्या, "नंदाजी, यह सर्वे है या हल्दी-कुमकुम?" नमुना कसा नशिबावर सोडायचा असतो, त्यात आपली आवड-नावड आणायची नसते, हे त्यांनी तासभर समजावलं. मग घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून अण्णांच्या पानाच्या डब्यात घातले आणि देवश्रीने डोळे मिटून त्यातल्या अर्ध्या काढल्या. शास्त्र इथपर्यंत ठीक चाललं. पण कोपऱ्यावरच्या विनोदिनीकाकूंची चिठ्ठी निघाली नाही. मी त्यांच्या दारावरून पुढच्या घरी गेले हे त्यांनी खिडकीतून पाहिलं, आणि मग काय विचारता. ज्यांच्याकडे वाटीभर विरजण मागितलं तर मिळत नाही त्यांचं मत घेता आणि आम्हाला वगळता, असं म्हणाल्या. मी सांगितलं की काकू, हे नशिबावर असतं. त्यांनी विचारलं, चिठ्ठी काढली कोणी? देवश्रीने, म्हटलं. तर म्हणतात, मग बरोबर आहे, गेल्या गौरींना मी तिच्या हातावर फार थोडं ठेवलं होतं.

आता आपल्याकडे एक घर सोडून पुढच्या घरी जायचं म्हणजे काय, हे पुस्तक लिहिणाऱ्याला कुठून कळणार? शेवटी काकूंच्या घरीही गेले, सगळे प्रश्न विचारले, उत्तरं लिहून घेतली आणि घरी येऊन ती वेगळी ठेवून दिली. (मानाची माहिती. मॅडमना हे अजून माहीत नाही.) ही बातमी फुटली आणि उरलेल्यांनीही बोलावणी पाठवली. घर तिथे पोहे, पोह्यांवर शेव, शेवेवर इथला जिरावण मसाला, आणि 'आमच्याकडचे खाल्लेच नाहीत' ही तक्रार. माझा नमुना वाढला नाही, वन्सं, मी वाढले.

सगळं जमल्यावर बेरीज केली. प्रश्न दोन होते. आठवड्यात तुम्ही किती वेळा दुसऱ्यांकडे जाता, आणि तुमच्याकडे किती वेळा कोणी येतं? पहिल्याला बहुतेक सगळ्यांनी ताठ मानेने शून्य सांगितलं. आम्ही कोणाकडे जात नाही हो, लोकच येतात. कॉलनीतल्या भय्यासाहेबांनी तर, त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात होते तेव्हापासून त्यांच्या घरातलं कोणी आपण होऊन कुठे गेलेलं नाही, असं लिहून घ्यायला लावलं. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बऱ्याच घरांत कोणी ना कोणी येत होतं, आणि ज्यांच्याकडे केबल त्यांच्याकडे तर भरपूर. माझं गृहीतक तोंडावर आपटलं. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं की जात कोणीच नाही, तर मग येतं कोण?

मी पुन्हा घरोघर फिरले, पुन्हा पोहे खाल्ले. जिथे जाईन तिथे एकच उत्तर. आपले अण्णा. सकाळी बातम्यांना एकीकडे, दुपारी जुन्या सिनेमाला दुसरीकडे, शारजाची मॅच असली की भय्यासाहेबांकडे. सर्वेक्षण करणारीचं घर नमुन्यात घ्यायचं नसतं, त्यामुळे अण्णांचं जाणं कुठेच लिहिलं गेलं नाही, फक्त येणं घरोघर लागलं. सरासरीचं असंच असतं, वन्सं, एक माणूस उंच उडी मारतो आणि सगळी कॉलनी वर उचलली जाते. (मध्यगा त्यापेक्षा भली. ती रांगेत मधोमध उभी असते. टोकाच्या माणसाने कितीही उड्या मारल्या तरी ती जागची हलत नाही. माझी मध्यगा एक होती, तीही बहुधा दूधवाला.) खरी नावं लिहायची नाहीत असा नियम, म्हणून तक्त्यात मी अण्णांना 'व्यक्ती क' केलं.

गेल्या महिन्यात मॅडम तो तक्ता तपासायला घरी आल्या. अण्णांनी आपण होऊन त्यांना भेरूगढची नवी छापील चादर घातलेल्या दिवाणावर बसवलं, पुढे शेव ठेवली, आणि समोर खुर्ची घेऊन बसले. सगळ्यांनी त्यांचंच नाव दिलं हे शेजाऱ्यांनी सांगून टाकलेलं असल्यामुळे 'क' म्हणजे कोण हे त्यांना पक्कं माहीत होतं. मॅडमना नव्हतं. मी स्वयंपाकघरातून खुणा करत होते, पण मॅडम आकड्यांत शिरल्या की वर बघत नाहीत. म्हणाल्या, "ये व्यक्ति 'क' सबका औसत बिगाड़ रहे हैं। इन्हें हटा दीजिए।"

अण्णांनी शेवेची बशी थोडी पुढे सरकवली आणि शांतपणे विचारलं, "हटाने के बाद ये जाएंगे कहां, मॅडम?"

"फुटनोट में, बाबूजी।"

तेव्हापासून अण्णा घराबाहेर पडलेले नाहीत. रागावले म्हणावं तर तसंही नाही. जेवायला हाक मारली की 'फुटनोटला कोपऱ्यात चालेल' म्हणतात आणि भिंतीला टेकून बसतात. आई गेल्यापासून ते घरात इतका वेळ कधीच नव्हते. त्यामुळे आमटीत गूळ कधी पडतो, दूधवाला पाणी कधी घालतो आणि त्यांची सून दिवसातून किती वेळा 'शी बाई' म्हणते, हे सगळं त्यांच्या ध्यानात यायला लागलं. तुमच्या बंधूंनी घाबरून तिसऱ्याच दिवशी मला न विचारता केबलची तार गच्चीवरून खाली उतरवली. अण्णांनी थोडा वेळ पाहिलं आणि 'आपल्याकडे मॅच फार हळू चालते' म्हणून उठून गेले. त्याच आठवड्यात त्यांनी तुम्हाला ते कार्ड टाकायला देवश्रीजवळ दिलं.

मग लोक येऊ लागले. आधी विनोदिनीकाकू, अण्णा बरे आहेत ना म्हणून. मग त्यांच्या पलीकडचे. आणि परवा, वन्सं, दार उघडलं तर खुद्द भय्यासाहेब. दारातच उभे राहून म्हणाले, "आम्ही येत नाही कोणाकडे. पण काल विकेट पडली आणि बाजूची खुर्ची रिकामी." अण्णा आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडले होते. भय्यासाहेबांनी अर्धा तास वाट पाहिली, चहा घेतला आणि गेले. आमचं घर नमुन्यात नसल्यामुळे या ऐतिहासिक भेटीची कुठेही नोंद नाही.

मॅडमना मी खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या ओशाळल्या की तक्ता बंद करून ठेवला. मग म्हणाल्या, काढून टाकायचं नाही, दोन तक्ते करायचे, एक 'क'सहित आणि एक 'क'विरहित, आणि फरक कशाने पडतो ते लिहायचं. शास्त्रातही तसंच करतात म्हणे. (हे आधी सांगितलं असतं तर माझी एवढी शेव वाचली असती.) तोंडी परीक्षा जानेवारीच्या अखेरीला आहे.

तेव्हा तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे. पुण्याची हवा अण्णांना मानवेल. तुमच्याकडे लिफ्ट आहे, डॉक्टर खालीच आहेत. मी त्यांचा जाड स्वेटर धुऊन ठेवला आहे. हर्षलला कळवा की आरक्षण इंदूरहून करावं. भावोजींना नमस्कार.

तुमची,
नंदा

ता. क. — हर्षलला पाठवू नका. पत्रात हे लिहायचं धैर्य झालं नाही, आणि तुम्ही त्यांची मुलगी, मी कोण नको म्हणणार? पण 'अण्णांविरहित' तक्ता करायला मॅडमनी सांगितला तो मी कागदावर केला आणि मला रडू आलं. कॉलनीतल्या निम्म्या घरांपुढे शून्य. पुण्याला त्यांना आराम मिळेल, पण लिफ्टने खाली उतरून ते जातील कोणाकडे? आमटीत गूळ घालताना मागून कोणी टोकलं नाही तर आता मला चुकल्यासारखं होतं. मला ते हवे आहेत, वन्सं. तुम्हीच काहीतरी कारण काढा. तुमच्या गुडघ्यावर ढकलता येईल.

ता. क. दुसरा — आत्ताच अण्णांनी विचारलं, एवढं लांबलचक काय चाललंय. मी सांगितलं की मॅडमनी दोन तक्ते करायला लावले आहेत आणि तुम्ही पहिल्यात आहात. ते म्हणाले, "फुटनोट?" म्हटलं, रद्द. त्यावर त्यांनी मफलर शोधला आणि पाकिटासाठी हात पुढे केला. पत्र पेटीत टाकायला स्वतःच जातो म्हणतात. पेटी कोपऱ्यावर, विनोदिनीकाकूंच्या घराला लागून आहे, आणि आज मॅचही आहे. तेव्हा हे पत्र तुम्हाला चार-आठ दिवस उशिरा मिळालं, तर पोस्टाला बोल लावू नका.