उष्ट्याची पंगत

३ नोव्हेंबर, सोमवार

सौंसरच्या कॉलेजात सरांनी फील्डवर्कच्या जोड्या वाचल्या, माझ्या नावापाठोपाठ हिमानीचं नाव घेतलं, आणि त्याच घडीला माझं सगळं बदललं. वर्गातच शिटी मारणार होतो, कशीबशी दाबली.

खरं सांगायचं तर समाजकार्याचा हा कोर्स मी सेवेसाठी घेतलाच नाही. नागपूरची इंजिनीअरिंग अर्ध्यात सोडली, कारण एक सर बापावरून बोलले आणि मी त्यांची कॉलर धरली. पांढुर्ण्याला येऊन घरी पडलो, तर कळलं की नदीपल्याडची, सावरगावची हिमानी समाजकार्य शिकून राहिली. लगेच ॲडमिशन घेतली. बाबा म्हणाले, अबे, घरच्या म्हशीले कधी पानी दाखवलं नाही तू, अन् आता जगाची सेवा करतं काय! आई म्हणाली, जाऊ द्या न, पोट्टा रिकामा तं नाही हिंडणार.

दुपारी दोघं मोहगावच्या रस्त्यावर बसमधून उतरलो. वृद्धाश्रम संत्र्याच्या बागेत आहे. झाडं फळांनी वाकलेली, खाली क्रेट रचलेले. महिनाभर इथंच राहून म्हाताऱ्या माणसांची देखभाल शिकायची. मुख्य उर्मिला मॅडम फाटकापर्यंत घ्यायला आल्या. बाईंचं वय कळत नाही. त्यांनी हातानं संत्री सोलून दिली. हिमानीनं बी थुंकताना माझ्या बुटावर नेम धरला आणि हसली. बूट पुसलाच नाही मी.

४ नोव्हेंबर

सकाळ चांगली गेली. माणसाला खाटेवरून उठवताना आपली कंबर कशी सांभाळायची, कूस कशी बदलायची, बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कसं बसायचं, हे मॅडमनी करून दाखवलं. मला जमत होतं. भगवंतराव माझ्या वाट्याला आले. बोळकं तोंड, मिशीत तंबाखूचा चुरा, बोलले की शिंतोडे. हिमानीकडे कलाबाई. पाठीचं धनुष्य झालेली, डोक्यावर कापसासारखे चार केस.

मग जेवणं झाली. इथली रीत अशी की म्हाताऱ्यानं आधी जेवायचं आणि त्याचं उष्टं, त्याच ताटात, शिकाऊ पोरानं संपवायचं. मॅडम म्हणाल्या, पुस्तकं वाचून कोणी सेवक होत नाही, घिन गेली की होते. माय नाही का लेकराचं उष्टं खात?

भगवंतरावांनी भाकर कढीत कुस्करली, तोंडात घोळवली, अर्धी परत ताटात सोडली. कढीवर लाळेची तार, तिच्यात एक पांढरा केस. मी संत्र्याच्या झाडामागं जाऊन ओकलो.

परत आलो तर हिमानीनं आपलं ताट संपवून माझंही पुढ्यात ओढलं होतं. बोटं चाटून म्हणाली, नाजूक नवरी हायेस तू भूप्या. नापास झाला असता न, बाप्पा!

माझ्यासाठी खाल्लं तिनं. हे प्रेम नाही तर काय आहे?

७ नोव्हेंबर

रोज तीच माझं ताट संपवते. मॅडम बघतात, काही म्हणत नाहीत. मी तिला म्हटलं, तुला किळस येत नाही का? ती म्हणाली, आजी अंथरुणाले खिळली होती तेव्हा मीच केलं सगळं, किळस करायले टाइम कोणाले होता! अन् घास घशाखाली उतरला की बरं वाटते, जसं कोणाचं ओझं उतरवून राहिली मी.

भगवंतराव आज फुटाणे खात होते. बोळक्यानं कसे खातात, पाहायला वाकलो तर हिरडीतून पांढरं टोक वर आलेलं. मॅडम म्हणाल्या, प्रेमानं माणूस सुधारते.

हिमानीला थंडी वाजते. भर उन्हात शाल घेऊन बसली होती.

१० नोव्हेंबर

कलाबाईनं आज विहिरीवरून स्वतः पाणी आणलं. कंबर सरळ. भांगात काळे केस उगवले आहेत, अगदी काळे. मला बघून तिनं डोळा मारला.

हिमानीला जिन्यावरून धरून उतरवलं. गुडघे दुखतात म्हणे. तिच्या कानामागून वास आला. बंद पेटीतल्या ओल्या कपड्यांचा. मी तोंड फिरवलं. तिनं पाहिलं बहुतेक.

११ नोव्हेंबर

जेवताना हिमानीचा दात पडला. दुखलं नाही तिला. भातातून निघालेला खडा ठेवावा तसा तिनं तो ताटाच्या काठावर ठेवला आणि पुढचा घास घेतला. समोर भगवंतराव दातांनी कडाकड ऊस सोलून राहिले होते.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ते आपलं म्हातारपण ताटात उतरवतात आणि ती खाते. दोघांचं खाते.

मी दोन्ही ताटं लाथेनं उडवली. भगवंतरावांनी माझा दंड धरला, या म्हाताऱ्यानं, आणि मला सोडवता येईना. मॅडम शांत. म्हणाल्या, गरम डोक्याचा आहे, बसवा त्याला. नवीन ताटं आली.

हिमानीला म्हटलं, खाऊ नको. ती म्हणाली, मंग तुझं तू खा. एक दिवस तरी खा. दोघांचं नाही झेपत मले आता.

घास उचलला. ओठांपर्यंत नेला. ओकलो.

तिनं खाल्लं.

१२ नोव्हेंबर

पुन्हा प्रयत्न केला. नाक दाबून, डोळे मिटून. जिभेला लागलं, कोमट, आधीच चावलेलं. नाही झालं. हिमानी म्हणाली, जाऊ दे रे. तिचा आवाज खरखरीत झाला आहे.

तिच्या हनुवटीवर वरण सुकलं होतं. पुसायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

१३ नोव्हेंबर

मागच्या बाजूला एक खोली आहे. आज दार उघडं होतं. आत खाटेवर हाडांचा सापळा, अंगाखाली ओलं, माश्या. मला बघून उठायला लागला. भाऊ, डेटा हाय का? असं विचारलं त्यानं. दात नसलेल्या तोंडानं. हॉटस्पॉट चालू कर न यार, मले गेममधली रँक पाहायची हाय.

अंगात आमच्याच कॉलेजचा टीशर्ट. छातीवर मागच्या वर्षाच्या बॅचचं साल.

नाव कुलदीप सांगतो. वय एकवीस सांगतो. मी विचारलं, घरचे आले नाहीत का? आले होते, म्हणाला. माय माह्यासमोरच मॅडमले विचारून राहिली, का आमचा कुलदीप कुठं गेला.

मग रडला. रडताना नाकाचं, तोंडाचं सगळं एक झालं. मी तिथून पळालो.

१४ नोव्हेंबर

हिमानीला घेऊन निघालो. कोणी अडवलं नाही. फाटक उघडंच होतं, हेच तर —

रस्त्यापर्यंत तिला जवळजवळ उचलूनच नेलं. तिनं घरी फोन लावला. आई, मी बोलून राहिली, म्हणाली. पलीकडून आई म्हणाली, कोन बाई हाय हो, राँग नंबर हाय. पुन्हा लावला तर शिव्या घालून कट केला.

बस आली. कंडक्टर म्हणाला, आजीले पुढं बसव रे पोट्ट्या, कुठं नेऊन राहिला म्हातारीले गार हवेत? एक बाई उठली, तिला जागा दिली. हिमानीनं खिडकीच्या काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिच्या कपड्यांखालून पाणी ओघळलं, सीटवर, बसलेल्यांच्या चपलांपर्यंत. लोक नाकं धरून सरकले. मी पण सरकलो. मी पण.

कंडक्टरनं आम्हाला उतरवलं. परत इथंच आलो. कुठं जाणार? पोलीस ठाण्यात काय सांगू, म्हातारी म्हातारी झाली म्हणून?

१५ नोव्हेंबर

कलाबाई वेणी घालून बसली होती. वेणी! म्हणाली, काहून रडतं बे, सोपं हाय न. उष्टं खालीच उतरते, वर चढत नाही. तिच्या ताटातलं कोणी आपल्या मनानं खाल्लं की तिचं उतरन. जबरदस्ती चालत नाही, मन लागते. त्या कुलदीपचं कोणी खाल्लं नाही म्हणून तो तसा पडला. तुहा तं जीव हाय न तिच्यावर? मंग?

आणि हसली. पूर्ण बत्तिशी.

मग माझं कोण खाईल —? नंतर विचार करू. आधी तिचं. उद्या खाईन. गोटमारीच्या जत्रेत नदीत गोटे खाल्ले मी, डोकं फुटलं तरी हटलो नाही. एक घास काय —

१६ नोव्हेंबर, सकाळ

खाईन. नक्की.

दुपार

तिच्यासमोर बसून लिहून राहिलो. ताट मध्ये आहे. वरणभात. बोटांनी कालवलेला, चावलेला, परत सोडलेला. हिरडीचं रक्त. गुलाबी झाला आहे भात.

ती माझ्याकडे बघते. डोळे तेच आहेत. तेच — डोळ्यांकडेच बघायचं. खाली नाही.

घास घेतला. हातात आहे. गरम नाही, गार नाही, अंगाइतका —

वास

ठेवला परत.

हे तिचं आहे. माझ्यासाठी तिनं किती वेळा — आणि मला एक —

दुसऱ्यांदा ठेवला. बोटं पँटला पुसली. पुसून राहिलो, पुसतच —

नाही होत. शी. नाही होत मला. माझीच शिसारी येऊन राहिली. तरी नाही होत.

तिनं माझं नाव घेतलं नाही. नाव गेलं बहुतेक. बाबू म्हणते. कोणाचा रे तू बाबू, असं —

उठलो. वही हातात.

दारात आहे. जेवला का रे बाबू, असं विचारून राहिली ती. ताट पुढं सरकवून. उपाशी नको जाऊ, म्हणते.

जेवलो, म्हटलं.

बाहेर आलो. दार ओढून घेतलं. बाहेरून कडी घातली.