उतरू नको, दिगू

चिखली,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८६९

प्रिय दिगू,

अनेक आशीर्वाद. तुझा कानपूरचा पत्ता शेवटी विमानदलातल्या तुझ्या एका मित्राकडून मिळाला. पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. तसं करू नकोस. निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच. यात तुला दोष देणारा एक शब्दही नाही.

इकडे कापसाची वेचणी चालू आहे. सासूबाईंचे गुडघे धरतात, तरी वेचणाऱ्या बायांच्या मागं शेतावर गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. स्वराज्य आलं तेव्हा बाजारात दिवे लावले होते, पेढे वाटले होते. मी दारात उभी राहून पाहत होते आणि तू कुठल्या गावात, कुणाबरोबर हे पाहत असशील, एवढंच मनात येत होतं. मेहकरच्या रस्त्याचं विमानांचं मैदान आता मोकळं पडलंय. तंबू गेला, तारा गेल्या. ठोकलेल्या मुरमात नांगर शिरत नाही, म्हणून कोणी पेरत नाही. गुरं चरतात.

आई-दादा पाठोपाठ गेले तेव्हा तू किती लहान होतास, तुला आठवत नसेल. मला सासरी येऊन वर्षही झालं नव्हतं. भावाला घेऊन सासरी कसं जायचं, म्हणून मी जळगावला आपल्या घराच्या ओसरीवर रडत बसले होते. हे आले, तुझी पेटी उचलली आणि म्हणाले, "रडते काऊन? चिखलीले शाळा नाही काय?" बस्स, एवढंच. पुढं तू यांच्याच ताटाला ताट लावून जेवलास. पोस्टातून येऊन जेवायला बसले की चमच्यानं ताटलीवर तारेची अक्षरं वाजवायचे आणि तू भाकरीचा घास तोंडात ठेवून ती ओळखायचास. सासूबाई चिडायच्या, "जेवा ना बे गुमान, भांडे फोडता काय!" तू विमानदलात गेलास तेव्हा गावभर पेढे यांनीच वाटले. मी मात्र घरात तोंड फिरवून बसले होते.

लढाईत सरकारनं गायरान सपाट करून अडल्यानडल्या विमानांसाठी ते मैदान केलं आणि तारमास्तर म्हणून यांना तिथल्या बिनतारी यंत्रावर नेलं. मी विचारलं होतं, एवढी मोठी विमानं उतरवणार, तर तिथं हुकूम कोणाचा? हे हसले. मोठ्या तळावर मनोरा असतो, तिथला साहेब सांगतो, तू थांब, तू उतर. इथं तसं कोणी नाही. "राजूरच्या घाटात गाडीवान वळणाआधी हाळी देते ना, तसं हाय. येणाऱ्यानं वरून सांगाचं, मी इथं हाओ, या बाजूनं उतरतो. बाकीच्यायनं ऐकाचं. मी खालून वारा सांगतो, मैदान मोकळं हाय का ते सांगतो. मानणं न मानणं त्याच्या हाती." ढोरं मैदानात शिरू नयेत म्हणून रोहिणखेडचा गफ्फार होता. यंत्र, गफ्फार, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी झोळी, इशाऱ्याला उडवायची लाल उजेडाची काडतुसं आणि एक लाल बावटा, एवढाच त्या मैदानाचा बंदोबस्त.

मग तुझी बदली टपालाच्या विमानांवर झाली आणि तू चिखलीवरून जाऊ लागलास. त्या यंत्रावर ठरलेल्या इंग्रजीशिवाय काही बोलायची परवानगी नव्हती. तरी एकदा तू सगळं इंग्रजी संपवून हळूच म्हणालास, "भाऊजी, पाया पडतो." हे संध्याकाळी घरी आले ते चपला काढायच्या आधी मला तेच सांगत आले. नियम मोडल्याबद्दल तुला रागवायला हवं होतं, असं म्हणत होते आणि हसू तर आवरत नव्हतं. आमच्या संसारातला तो फार चांगला दिवस होता.

तीन वर्षांमागच्या पौषातल्या त्या सकाळचा विषय आपण दोघांनी कधी एकमेकांजवळ काढला नाही. मी पाच महिन्यांची होते, हे तुला ठाऊक होतं. हे भाकरी बांधून घेऊन गेले. एका विमानाचं चाक फुटून ते मैदानाच्या मधोमध बसलं होतं आणि माणसं त्याच्या पोटाखाली शिरून काम करत होती. तेवढ्यात तू आलास. वारा उगवतीचा, म्हणून तू मावळतीकडून उतरत होतास, सूर्य थेट तुझ्या डोळ्यांत. पुढचं मला लोकांनी सांगितलं. हे बावटा घेऊन तुझ्या समोर धावत गेले. तू विमान वर खेचलंस, खालची माणसं वाचली. चाक यांना लागलं.

दहाव्याला तू आलास आणि दाराबाहेर उभा राहिलास. मी आतून पाहिलं. तुला आत बोलवायचं सोडून पदरात तोंड घालून रडत बसले. डोळे पुसून बाहेर आले तोवर तू गेला होतास. नंतर कळलं की चौकशीत तुला निर्दोष ठरवलं, तरी तू विमानाला पुन्हा हात लावला नाहीस. पहिलं वर्ष तुझं नाव घरात निघालं की माझ्या छातीत कळ यायची. तुझा राग होता की तुझी काळजी, मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्यात गावात बोलणारे होतेच. मेव्हण्यापुढं ऐट करायला खाली आला, यंत्रावर सांगितलेलं ऐकलं नाही, असं काहीबाही. त्यातलं खरं काय नि खोटं काय, मलाच माहीत नव्हतं.

या दिवाळीनंतर गफ्फार आला. त्या दिवसानंतर त्याला दुसऱ्या मैदानावर नेलं होतं, मग तो दुखणं घेऊन रोहिणखेडला पडून होता. अंगणात उकिडवा बसला, पाणीसुद्धा घेईना. म्हणाला, "बाई, तुमच्यासमोर याची हिंमत नाही झाली आजवर. लोकं काय बी बोलून राह्यले, पण मी तंबूत होतो. दिगूभाऊनं तीनदा आवाज देल्ला. मी येऊन राह्यलो, कोणी हाय काय, जवाब द्या, म्हणे. दर खेपेले मास्तरनं जवाब देल्ला. त्याचं बोलणं आमाले येऊन राह्यलं होतं, आमचं त्याले जाऊनच नाही राह्यलं." यांनी लाल उजेडाचं काडतूस उडवलं, तर ते दमट निघालं, नुसता धूर. मग यांनी इंग्रजी सोडलं आणि यंत्रात तोंड घालून ओरडले, "उतरू नको, दिगू! खाली माणसं हायेत, उतरू नको!" तुझं विमान तसंच खाली येत राहिलं, तेव्हा कानावरचं काढून फेकलं, बावटा घेतला. "गफ्फार, तू त्या माणसाइले हाकल, मी याले थांबवतो," म्हणाले आणि पळाले.

दिगू, आता सांगते ते चौकशीत कोणी विचारलं नाही म्हणून कोणी सांगितलं नाही. गफ्फार पोचला तेव्हा यांच्यात जीव होता. त्यानं डोकं मांडीवर घेतलं. यांनी डोळे उघडून विचारलं, "पोरगा वर गेला काय?" गफ्फार म्हणाला, "हाव मास्तर, गेला, सलामत हाय." यांनी मान हलवली. पाणी मागितलं, ते आणेपर्यंत राहिले नाहीत. माझं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं नाही. तुझी चौकशी केली. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं का, कोण जाणे. मी फार रडले, पण त्या रडण्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती हलकी झाली.

सासूबाई दाराआड बसून सगळं ऐकत होत्या. गफ्फार गेल्यावर चुलीपाशी आल्या, विझत आलेलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "त्याले चिठ्ठी लिही. माह्या लेकानं जीव देऊन ज्याले राखलं, तो तिकडं परक्या मुलखात एकटा काऊन राह्यला? त्याले म्हण, म्हातारी बलावून राह्यली." ज्या माऊलीचा एकुलता एक लेक गेला ती तुला बोलावते आहे, दिगू. आता तरी स्वतःला शिक्षा देणं थांबव.

आणि एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे. त्या पौषानंतरच्या वैशाखात मला मुलगी झाली. तिचं नाव कावेरी. तिला तिसरं लागलंय आणि तिचं जावळ अजून काढलेलं नाही. केस खांद्याखाली आले आहेत, उन्हात घामेजून ती रडते, शेजारणी विचारतात, भावकीतल्या नाही तर शेजारच्या कोणाच्या मांडीवर बसवून उरकून का घेत नाही. मी नाही म्हणते. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं असतं आणि तिला मामा एकच आहे. हे पत्र त्यासाठी लिहिलं. तिसरं संपायच्या आत ये. मलकापूरला उतर, गफ्फार गाडी घेऊन येईल. या खेपेला दाराबाहेर उभा राहू नकोस, मी उंबऱ्यातच तिला घेऊन उभी असेन. ती कोणाकडे सहजी जात नाही. जरा वेळ रडेल, पण तू मांडीवर घट्ट धरून ठेव.

तुझीच,
ताई