चटका बसला की सुकला

बाबा, तुमच्या पद्धतीने सुकवलेला एक व्हॉल्व्ह कॅनडात फुटला. हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. आता तुम्हाला कळणार तरी कोणाकडून, हेही आहेच. पण वर्कशॉपमधली बातमी बाहेरून घरी आली की तुमचं तोंड दोन दोन दिवस फुगलेलं असायचं, ते मी विसरलेले नाही. मस्कतबाहेरचं आपलं रुसैलचं वर्कशॉप अजून आहे तसंच आहे. कामगारांच्या कॅम्पवरून सकाळी बस येते, माणसं डबे घेऊन उतरतात, गेटवरचा पंखा तसाच खडखडतो. जुना मालक, आपला अर्बाब, आता येत नाही, त्याचा मुलगा बघतो. तुम्ही जिथे टेस्टिंगचे फोरमन होतात, तिथे क्वालिटीचं काम आता मी बघते. तुमच्या हाताखालचे जवळजवळ सगळे गेले. एक चाचा तेवढे राहिलेत, श्रीवर्धनचे. मी साहेबीण झाले तरी मला 'काय गो' म्हणूनच हाक मारतात, आणि मलाही तेच बरं वाटतं.

तुमच्या वेळची ती पहिली कॅनडाची ऑर्डर आठवते ना? तिकडे समुद्रापर्यंत पाईपलाईन न्यायला मंजुरी मिळाली होती आणि आपल्याकडे सगळे हरखले होते. मग तिथलं सरकार बदललं, पाईपलाईन रद्द झाली, आणि वर्कशॉपच्या अंगणात अर्धवट व्हॉल्व्ह ताडपत्रीखाली पडून राहिले. तुम्ही संध्याकाळी घरी येता, बूट काढायच्या आधीच आईला सांगता, की तिकडे निवडणूक झाली आणि इकडे आमची बस अर्धी रिकामी झाली. कोण निवडून आलं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तुमची नोकरी टिकली, पण ज्यांना तुम्ही हाताला धरून काम शिकवलं होतं, त्यांना एकेक करून एअरपोर्टवर सोडायला तुम्हीच जात होता. ते वर्ष तुम्ही घरात फारसं बोलला नाहीत. मला तेव्हा तुमचा राग यायचा. इतक्या लांबच्या देशाने आपल्या घरात अबोला का आणावा, हे मला कळतच नव्हतं.

आता तिकडचं वारं पुन्हा फिरलंय. सगळा माल अमेरिकेलाच विकत बसलो तर उद्या मान तिच्याच हातात, अशी त्यांना धास्ती बसली आहे. म्हणून गॅस थंड करून, द्रव करून, जहाजाने आशियाला पाठवायचा असं ठरलंय. मोठ्या कामांना झटपट मंजुरी द्यायला सरकारने वेगळं ऑफिसच काढलं. हवेत किती धूर सोडायचा यावर आधी जी बंधनं आणायला निघाले होते, तीही सैल करताहेत. जे पैसेवाले इतकी वर्षं हात आखडून बसले होते, ते पुन्हा खिशात हात घालू लागलेत. सगळं सुरळीत आहे असं नाही. किनाऱ्यावरचं राज्य कुरकुरतंय. ज्यांच्या जमिनीवरून पाईप जायचा, त्या तिथल्या मूळच्या लोकांपैकी काही भागीदार झालेत, काही कोर्टाच्या पायऱ्या चढताहेत. माझी मुलगी तर मला तोंडावर विचारते, आई, पृथ्वी गरम होतेय ना, मग तू का हेल्प करते? तिच्या मोडक्या मराठीतला तो प्रश्न मला चांगलाच लागतो, आणि उत्तर म्हणून मी तिला जेवायला वाढते. आमचे मॅनेजर केरळचे आहेत, ते सकाळी चहाबरोबर ओमानच्या नाही, कॅनडाच्या बातम्या वाचतात. त्या एवढ्या मोठ्या पैशातला एक शिंतोडा आमच्याकडे उडाला. दोन खेपांची ऑर्डर आली. पहिली खेप गेली, दुसरी तयार होत होती, आणि ती सुखरूप गेली तर पुढची मोठी ऑर्डर आपलीच, असं तिकडच्या, कॅल्गरी शहरातल्या कंपनीने सांगितलं होतं. सगळ्या टेस्टिंगवाल्यांचे व्हिसा त्या दुसऱ्या खेपेवर टांगलेले होते.

आणि कॅल्गरीहून फोटो आला. बर्फावर आपला व्हॉल्व्ह आडवा पडलाय, आणि त्याच्या पोटाला खालून उभी भेग. अजून लाईनवर चढवला नव्हता, उघड्या अंगणात नुसता ठेवलेला होता, म्हणून कोणाला इजा झाली नाही. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की हे कशाने झालं ते सांगा.

मी आधी तुमच्या पद्धतीचा विचारच केला नाही. कसा करणार? त्याच पद्धतीवर मी मोठी झाले. व्हॉल्व्हमध्ये दाबाने पाणी भरायचं, गळती नाही ना बघायची, पाणी काढून टाकायचं, मग दोन्ही तोंडं मोकळी करून तो लाकडी ठोकळ्यांवर तिरका ठेवायचा आणि दुपारच्या अजानपर्यंत उन्हात सोडायचा. मधला गोळा, जो फिरवला की वाट उघडते किंवा बंद होते, तो पूर्ण उघडा ठेवायचा, कारण अर्धवट ठेवला तर वाऱ्याने वाळू आत जाऊन बसते आणि व्हॉल्व्ह कामातून जातो. अजान झाली की वरून तळहात टेकायचा. चटका बसला की सुकला, खलास. कॉलेजच्या सुट्टीत मी आले तेव्हा तुम्ही माझा हात धरून त्या तापल्या लोखंडावर टेकवलात. मी किंचाळले, तुम्ही हसलात, आणि संध्याकाळी आईने तुम्हाला जे झाडलं ते शेजारच्यांनीही ऐकलं. पोरीचा हात आहे की तवा आहे तो, असं ती म्हणत होती. तुम्ही मान खाली घालून जेवत होता, पण मला डोळ्यांनी सांगत होता की आता हिला काम आलं. त्यानंतर या वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या माणसाचा हात मीही तसाच धरला आहे.

मॅनेजरांनी मला बोलावून सांगितलं की वाहतुकीत धक्का लागला असेल, तसं लिहून टाका. माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावर व्हिसा संपत आलेल्यांची नावं पडलेली होती. मी हो म्हणणारच होते, खोटं कशाला सांगू. पण सही करण्याआधी म्हटलं, दुसऱ्या खेपेतला एक खोलून बघूया, म्हणजे मन स्वच्छ. चाचांनी नुकताच उन्हातून आत घेतलेला एक पुढे केला. हात लावला, चटका बसला. मग मी खालचा छोटा प्लग, ते तळाचं बूच, पान्याने सोडवला, आणि बाबा, त्यातून पाणी आलं. फार नाही, अर्धा कप चहा असतो तेवढं. गोळा आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये जी चिंचोळी पोकळी असते, तिच्या तळाशी ते कोंडून बसलं होतं. गोळा पूर्ण उघडा असला की त्या पोकळीची वाट दोन्ही बाजूंनी बंद होते, मग ऊन कितीही तापो. ते पाणी फरशीवर सांडलं आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेलं. चाचा त्या कोरड्या होत चाललेल्या डागाकडे बघतच राहिले.

इथे त्या पाण्याने कधीच काही बिघडलं नाही. वाळवंटात लाईनवर चढून गोळा फिरू लागला की ते आपोआप उडून जायचं. पण तिकडे ते गोठलं. मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी लहान आहे, कोकम सरबताची काचेची बाटली गळ्यापर्यंत भरून मी फ्रीजरमध्ये ठेवली आहे, आणि सकाळी आतमध्ये सगळा लाल चिखल आणि काचा. तुम्ही ओरडत नाही, एकेक काच वेचताना मला समजावता की गोठलं की पाणी फुगतं, त्याला जागा ठेवावी लागते. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण ते घरातलं ज्ञान घरातच राहिलं. वर्कशॉपमध्ये आपल्याला थंडी कधी दिसलीच नाही, मग तिची भीती वाटणार कशी? कॅल्गरीवाल्यांनाही आपण आधीच लिहून दिलं होतं, की पाणी काढून सुकवतो. कसं सुकवता, हे त्यांनी विचारलं नाही. इतकी वर्षं उन्हाशेजारी राहून आपण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, बाबा.

चाचा माझ्या मागोमाग ऑफिसच्या दारापर्यंत आले. म्हणाले, "नको गो लिहूस. धक्का लागला म्हण. तुझ्या बापाशीचं नाव घालवशील, नि आम्हालाही घरी धाडशील." तुमचं नाव राखावं की तुमच्या माणसांची पोटं, एवढाच प्रश्न असता तर सोपं होतं, दोन्ही एकाच खोट्याने राखली जात होती. पण पहिल्या खेपेचे बाकीचे व्हॉल्व्ह तिकडे थंडीत पडलेले होते. त्यातला एखादा बारीक भेग पडूनही तसाच लाईनवर चढला असता, त्यात गॅस सोडला असता, आणि शेजारी कोणीतरी माणूस उभा असता. तुमच्यासारखाच कोणीतरी, डबा घेऊन आलेला.

दुसऱ्या दिवशी कॉलवर मी सांगून टाकलं. म्हटलं, धक्का वगैरे काही नाही, आमची सुकवायची पद्धत चुकली, बाकीच्यांतही पाणी असणार, आधी ते सगळे गरम शेडमध्ये घ्या, भेगा तपासा आणि खालचे प्लग सोडा. मॅनेजर माझ्याकडे बघेनात. पलीकडच्या एका वयस्क माणसाने विचारलं की ही पद्धत कधीपासून चालत आलीय. मी म्हटलं, "माझ्या वडिलांपासून." त्याने ते तसंच लिहून घेतलं.

दुसरी खेप अडकली. बसमध्ये माणसं हळू आवाजात बोलायची आणि मी दिसले की गप्प व्हायची. चाचांनी माझ्याबरोबर जेवणं सोडलं. मग तिकडून कळलं की आणखी एका व्हॉल्व्हला भेग सापडली, चढवण्याच्या आदल्याच दिवशी. दुसऱ्या खेपेची ऑर्डर त्यांनी रद्द केली नाही, पण आता गोळा अर्धा उघडून, प्लग काढून, बंद खोलीत गरम हवा मारून सुकवायचं, आणि आतली हवा किती कोरडी आहे ते यंत्राने मोजायचं. ते यंत्र चाचाच चालवतात. पुढची मोठी ऑर्डर येईल की नाही, ते तिकडचं सरकार, तिकडची कोर्टं आणि तिकडचे पैसेवाले ठरवतील. परवा चाचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझा बाप असता तर तुला शिव्या घातल्या असत्या. नि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन प्लग खोलत बसला असता." मी मान डोलावली. तसंच झालं असतं का, हे मात्र मला खरंच माहीत नाही.

हे पत्र मी कुठेच धाडणार नाही, आईलाही दाखवणार नाही. त्यात एक गोष्ट आहे जी मी चाचांनाही सांगितलेली नाही. तुम्ही गेल्यापासून असा दिवस नाही, की बाबा आत्ता हवे होते असं मला वाटलं नाही. मुलगी झाली तेव्हा वाटलं, या खुर्चीवर पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं. पण प्लगमधून ते पाणी फरशीवर सांडलं ना, तेव्हा पहिल्यांदाच माझ्या मनात आलं की बरं झालं, बाबा नाहीत.