डिस्कचा आरसा

तीर्थस्वरूप वहिनींना धाकट्या नणंदेचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत, एक पेटी सोडून. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? दादाचा खोकला गेला, की औषधाची बाटलीच तेवढी संपली?

या महिन्यात आमच्याकडे आलं ते असं: फोटो ठेवायची पेटी एक, अकरा हजार, तिच्या पोटात बसवायच्या डिस्क दोन, प्रत्येकी सहा, नवा राउटर एक, साडेतीन, लांब वायर एक, चारशे, आणि वायरवाला, चार वेळा, चहासकट. (चहा वहीत धरलेला नाही, मनात धरलेला आहे.)

पेटी कशाला, तर दोन्ही घरचे फोटो एका जागी राहावेत म्हणून. दादाच म्हणाला, "तुझ्याकडची सुईसुद्धा कधी हरवत नाही." आपल्या डिस्कमधलं सगळं आमच्या पेटीत ओतलं आणि डिस्क रिकामी करून सिनेमे भरायला घेऊन गेला. (भावाने बहिणीवर इतका विश्वास टाकू नये, असं आता वाटतं.) वीस तारखेला तुम्ही दोघं आलात की सगळ्या पाहुण्यांसमोर भिंतीवर फोटो दाखवायचे, हा ह्यांचा बेत तुम्हाला ठाऊकच आहे.

तर पेटी आली तीच आजारी. ती घरच्या इंटरनेटला जोडलेली, म्हणून हे आपल्या दुकानात बसून फोनवर फोटो बघायला जात, तर पेटी दिसायचीच नाही. घरी यावं तर ठणठणीत. लगेच ह्यांचा फोन, "अगं, पेटी पुन्हा मेली!" म्हणून वायरवाल्याला बोलावलं. तो पहिल्यांदा आला आणि म्हणाला, "काकू, पेटीला काही झालेलं नाही." दुसऱ्यांदा आला आणि वायर बदलून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा दोष राउटरवर गेला. दुकानात चार शिंगांचा राउटर साडेपाचला होता आणि दोन शिंगांचा साडेतीनला. मी दोनचा घेतला. गाईलासुद्धा दोनच पुरतात. वायरवाल्याने तो बसवला, चहा घेतला, दाराशी जाऊन बूट चढवले आणि मी रोजच्यासारखं पेटीचं बटण बंद केलं.

"काकू, हे काय केलंत?"

"बंद केली. तुम्ही निघालात ना."

वहिनी, तो माणूस बुटांसकट खुर्चीत येऊन बसला. मी म्हटलं, घरात कोणी बघत नसताना ती कशाला चालू ठेवायची? संध्याकाळी तहान लागेल म्हणून सकाळपासून नळ सोडून ठेवतो का आपण? कोणी आलं की मी चालू करतेच (पाहुण्यांसमोर घरातलं कोणी झोपलेलं बरं दिसत नाही). त्याने यावर बिल फाडून माझ्या हातात ठेवलं.

तेव्हापासून पेटी अखंड चालू असते आणि मांजरासारखी गुरगुरते. एवढ्यावर निभावलं असतं, पण माझी ऐकायची प्रवचनं फोनमध्ये मावेनात. ती पेटीत घालायला गेले, तर जागा नाही! मोठ्या डिस्क घ्या म्हणे, नऊ हजारांना एक. आता डिस्क घेताना दुकानदाराने सांगितलं होतं की दुसरी डिस्क म्हणजे पहिलीचा आरसा. हिच्यात जे आहे तेच तिच्यात. मी विचार केला, एकच गोष्ट दोन ठिकाणी कशाला? एकीतून काढली तर दुसरीत आहेच. म्हणून सगळ्यात लठ्ठ कप्पा शोधला, देवाचं नाव घेतलं, तो पुसला आणि त्या जागी छत्तीस प्रवचनं बसवली. नऊ हजार वाचले म्हणून दिवसभर मीच मला शाबासकी देत होते. दुसऱ्या दिवशी थोरलीला म्हटलं, तो कप्पा आता दुसऱ्या डिस्कमधून काढून दाखव. ती म्हणाली, "आई, आरशासमोरून तू उठलीस तर आरशात तू बसून राहतेस का?"

दहावीला विज्ञानात मला बासष्ट मार्क होते, पण हा प्रश्न आला नव्हता.

वायरवाला चौथ्यांदा आला तो यासाठी. म्हणाला, पुसलेल्या जागी नवीन काही ठेवलं नसतंत तर कदाचित परत मिळालं असतं. तिथे तर वैराग्यावरची छत्तीस प्रवचनं मांडी ठोकून बसली आहेत! ह्यांना अजून काही बोललेले नाही. हे रोज भिंतीवरचे खिळे काढून भिंत मोकळी करताहेत आणि मी ते डब्यात भरून ठेवतेय. कोणता कप्पा, ते मात्र विचारू नका.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची नणंद

ता.क. विचारू नका म्हटलं तरी तुम्ही विचारालच, म्हणून सांगते: तुमचं लग्न. साडेतीन हजार फोटो होते. वीस तारखेला तुमच्या लग्नाला दहा वर्षं पूर्ण व्हायची आणि भिंतीवर वैराग्य दिसायचं, हे काही बरं नाही. तुमच्या माहेरी, एखाद्या जुन्या फोनमध्ये, कपाटाच्या तळाशी काही उरलं असेल तर दादाला कळू न देता पाठवा.

आणखी ता.क. कुठेच काही नसेल तर लग्नातले कपडे घेऊन दोन दिवस आधी या. नवरानवरी तीच आहेत, पाहुणेही बहुतेक हयात आहेत. पुन्हा उभे राहून फोटो काढू. दादाच्या टकलावर टोपी चालेल. तुम्हाला तेव्हाचे कपडे अजून अंगाला होतात का, तेवढं उलटटपाली कळवा.