लाभार्थीने डोळ्यांची उघडझाप करावी

रत्नागिरी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

श्री. अनिलराव यांस,

सप्रेम नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो किंवा कसे, ते कळवावे. सौ. ऋतिकावहिनींनी पाठवलेले डिंकाचे लाडू पोहोचले. त्यांतील दोन फुटलेले होते, ते प्रथम खाल्ले. माझी प्रकृती उत्तम आहे. आपली बहीण गेल्यापासून स्वयंपाक मीच करतो आणि मीच खातो, त्यामुळे तक्रारीला वाव राहिलेला नाही.

पत्रास कारण की, घरकुलाचे अनुदान अडले आहे. मंत्रालयात आपल्या परिचयाचे कोणी असल्यास त्यांच्या कानावर पुढील कैफियत घालावी.

आपल्याकडे वडील वारले की बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत आहे. आपण उलट कातळावरची दीड गुंठा जागा बहिणीच्या नावे करून दिलीत (त्यावरून नातलग आजही आपल्याला भोळे म्हणतात, असे ऐकतो). त्या जागेवर घर बांधण्यासाठी शासनाकडे अर्ज करण्याची कल्पना रजनीची. मी अर्थशास्त्राचा पदवीधर असल्याने ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक’ ही संज्ञा मला चांगली परिचित होती. आम्ही दोघे तिच्यात बसतो, हे मात्र रजनीने दाखवून दिले. जागा तिची, म्हणून लाभार्थीही तीच. मी कागदोपत्री ‘लाभार्थीचे पती’ होतो आणि त्या हुद्द्यावर समाधानी होतो.

अनुदान हप्त्यांनी मिळते आणि प्रत्येक टप्प्याला लाभार्थीने बांधकामासमोर उभे राहून फोटो द्यावा लागतो. जोत्याच्या वेळी नगर परिषदेच्या अभियंता कु. मृणाली फोटो घ्यायला आल्या, तेव्हा रजनीचे कॅमेऱ्याकडे लक्षच नव्हते. स्वयंपाकघराची खिडकी कोठे हवी, हे ती धाकू गवंड्याला हात लांब करून दाखवत होती (रस्त्याकडे; फोडणी देताना कोण येते ते दिसले पाहिजे, असे तिचे म्हणणे). शासनाच्या संगणकात ती आजही तशीच आहे. मागे जोते, पुढे उगारलेला हात. त्यानंतरचे आपण जाणताच.

पुढे माझ्या भविष्य निर्वाह निधीच्या आधारे धाकूने उरलेल्या भिंती चढवल्या, छप्परही घातले. खिडक्यांना झडपा आणि दारांना फळ्या मात्र पुढच्या हप्त्यावर अवलंबून, आणि हप्ता फोटोवर. कु. मृणाली म्हणाल्या, “काका, सोपं आहे. वारस म्हणून तुमचं नाव लावून टाकू.” मी नम्रपणे विचारले, घर पत्नीच्या नावे असावे हे पत्रकात आहे, पत्नी हयात असावी, हे कोठे म्हटले आहे? त्यांनी पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले. “काका, ते गृहीत असतं हो.” मी म्हणालो, मीही पुष्कळ गृहीत धरले होते.

तेव्हा मी तिची तसबीर हातात धरून घरासमोर उभा राहिलो. मोबाइलने चेहरा ओळखला. परंतु खातरजमेसाठी ‘लाभार्थीने डोळ्यांची उघडझाप करावी’ अशी सूचना आली. आम्ही तिघेही बराच वेळ थांबलो. (दुसऱ्याच्या सांगण्यावरून तिने काही केल्याचे मला पूर्वीचेही स्मरत नाही.) शेवटी धाकू म्हणाला, “वयनी कोनाचा आयकनार? माझा तरी कधी आयकलान?”

याच सुमारास वास्तुशांतीची चौकशी करण्यास मी भटजींकडे गेलो होतो. पूजेला शेजारी पत्नी हवी. ती नसल्यास कमरेला सुपारी खोचली की ती पत्नीच्या जागी धरतात, असे त्यांनी सांगितले. धर्मशास्त्राने इतक्या सुटसुटीतपणे निकालात काढलेला प्रश्न शासनाला अवघड का जावा, हे मला समजेना. पुढील भेटीच्या दिवशी मी धोतर नेसून, कमरेला सुपारी खोचून दारासमोर उभा राहिलो. “काका, लाभार्थी?” कु. मृणालींनी दबकत विचारले. मी सुपारी दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि मुलगी मुळातच भिडस्त असल्याने सुपारीवरही मोबाइल धरून पाहिला. ‘चेहरा आढळला नाही.’

त्यांना फाटकापर्यंत पोहोचवायला जाताना मी सुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली (जागा तिच्या पसंतीची). परतलो तो धाकू जेवण आटोपून पान लावत होता आणि त्याच्या हातात अडकित्ता होता. “भाऊ, सुपारी झकास हाय हां. खयची? श्रीवर्धनची?” अशा रीतीने वर्षाच्या आत मी दुसऱ्यांदा विधुर झालो. पहिल्या खेपेस मी चारचौघांत धीर सोडला नाही, याबद्दल आमच्या आळीने माझे कौतुक केले होते. या खेपेस ते जमले नाही, त्यामुळे दुपारचे काम बंद राहिले. धाकूने पान थुंकून टाकले आणि तो माझ्याजवळ चिऱ्यावर बसून राहिला. मग म्हणाला, “त्या खिडकीपायी वयनीन माझ्याकडना तीनदा भित पाडून घेतलान.”

तरी शासनाच्या या ताठर कारभाराची दखल वरपर्यंत घेतली जावी, ही विनंती. वहिनींना नमस्कार.

आपला,
दत्ताराम भाटकर
(लाभार्थीचे पती)

ता. क. : मंत्रालयात कोणाला काही सांगू नये. वारस नोंदीचे कागद कु. मृणालींनी स्वतः या टेबलावरून त्या टेबलावर फिरून केव्हाच तयार करून ठेवले आहेत. माझी सही तेवढी बाकी आहे. ती झाली की संगणकावरचा तिचा फोटो जाईल आणि त्या जागी माझा येईल. डोळ्यांची उघडझाप मला व्यवस्थित जमते. चाचणी घेऊन झाली आहे.

ता. क. २ : सही करावी लागेल. झडपा नसल्याने तिच्या खिडकीतून शेजारच्या कोंबड्या आत येतात आणि हे तिला खपले नसते. वास्तुशांतीसाठी भटजी दुसरी सुपारी द्यायला तयार आहेत. कोणतीही चालते, असे ते म्हणतात. मला चालत नाही. तरी पूजेला आपण व वहिनींनी बसावे. आपली तारीख कळली की त्याच दिवशी नगर परिषदेत जाऊन सही करतो.

ता. क. ३ : उत्तर पत्रानेच पाठवावे. फोनवर मी सर्व ठीक असल्याचे सांगतो.