नसलेल्या राज्याची मोजणी

रिठद, ता. रिसोड

आदरणीय भागिरथाताईस,
धाकट्या इंद्रभानचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरनं दिलेलं तेल लावतेस की फळीवर ठेवून देतेस? (दुसरंच करत असशील.) माझी तब्येत बरी आहे, कुरकुर ऐकायला घरात कोणी नसल्यानं कुरकुरही बंद झाली आहे. पौर्णिमाच्या आईला, रूपाला, जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हा तू आलीस आणि अंगणातूनच परत गेलीस. भाऊजींच्या शेताची मोजणी मी केली आणि दोन गुंठे शेजाऱ्याकडे निघाले, त्याला यंदा अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तू माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाहीस. पण आज लिहायचं ते वेगळंच आहे.

आपली पौर्णिमा पुण्यात नोकरी सांभाळून एक गोष्ट लिहीत होती. त्यात पाच राज्यं, उडते घोडे वगैरे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बत्तीस वर्षं मोजणी खात्यात काढली, माझ्या जगाचा नकाशा तुम्हीच काढा. त्यासाठी फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं, ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर घ्या. कुणाला तरी माझं काम पडलं म्हणून मी दाढी करून बसलो. तर ते आधी विचारतं, अटी मान्य आहेत का? न वाचता सही करणं आपल्याला जमत नाही. शब्दकोश घेऊन दोन दिवस अटी वाचल्या, पण पंचांच्या सह्यांची जागा काही सापडली नाही. शेवटी बटण दाबलं, तर एका दमात समुद्र, डोंगर, नद्या तयार. (मला एक बांध मोजायला अख्खा दिवस लागायचा.) तीन दिवस खपून त्यावर राज्यं आखली आणि धूळ पुसताना 'नवीन जग' हेच बटण दाबलं गेलं. जुनं जग गेलं. ते सेव्ह करायचं असतं, हे नंतर कळलं.

दुसऱ्या जगात मात्र मी रीतसर चाललो. हद्द ठरवायची तर लगतधारक, म्हणजे बांधाला लागून असलेले शेजारी, हजर पाहिजेत. उडत्या घोड्यांना शेजारी कुठून आणू? म्हणून आमच्या शेजारच्या गोपीचंदला उत्तरेचा राजा केलं, समोरच्या लिलाबाईला दक्षिणेची राणी, आणि दोघांना लेखी नोटिसा दिल्या. ते आले, आणि पहिल्याच दिवशी नदीवरून जुंपली. लिलाबाई म्हणाली, "नदी माह्या राज्यात आन् पूल त्याच्या? मी काय पोहून जाऊ?" गोपीचंद पूल सोडायला तयार नाही. (त्याला पोहता येतं, तरी.) पंधरा दिवस दोघं रोज चहाला येऊन भांडले. मग एकदा तडजोडीची भाषा सुरू झाली. भांडण मिटलं की चहाला येणंही मिटणार. ताई, तुला खरं सांगतो, त्यापुढे ते घरी गेले की मी हद्द बोटभर सरकवून ठेवायचो. बत्तीस वर्षांत जे केलं नाही, ते सोबतीसाठी केलं.

मागच्या आठवड्यात लिलाबाईच्या ते लक्षात आलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, एकटं वाटते तं तसं सांगा ना. नकाशा कायले खराब करून राह्यले?" मला फार लाज वाटली. होता तसा नकाशा पौर्णिमाला पाठवून दिला. तिनं कळवलं की गोष्ट तिनं केव्हाच सोडून दिली, पण नकाशा छान आलाय. आता सोयाबीन काढणीला आलं आहे, दोन्ही राज्यकर्ते दिवसभर शेतात असतात. घरात मी आणि पाच राज्यं.

भाऊजींना जयभीम सांग. (ऐकून घेतील तर.)

तुझा,
इंद्रभान

ता. क. – भाऊजींच्या शेताची मोजणी बरोबरच होती. पण ती मी करायला नको होती. दुसऱ्या कोणाला पाठवलं असतं तर दोन गुंठे गेलेच असते, बहीण गेली नसती.

आणखी एक – पश्चिमेच्या राज्याला अजून लगतधारक मिळालेला नाही, म्हणून सोबत तुझ्या नावाची नोटीस जोडली आहे. तिच्या शेवटी छापलेलं असतं, 'गैरहजर राहिल्यास आपल्या गैरहजेरीत मोजणी करण्यात येईल.' ते वाक्य मी खोडलं आहे. तू आल्याशिवाय मोजणी होणार नाही.